सिदू मास्तरांची रजा

हे लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे आधीच कबूल करतो. माणसाचे चित्र शब्दांत काढायला हात सरावलेला लागतो, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी पेन्सिलही धरली नव्हती. वडील इंदापूरकडे कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची करतात. मी पुण्यात इंटरच्या वर्गात आहे, आणि अजून वर्गात उभे राहून बोलायचे म्हटले की मागच्या बाकावर सरकतो. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचे ते सिदू मास्तर कुठल्याही शाळेच्या दप्तरी नाहीत. पण त्यांना मनापासून मास्तर म्हणणारी माणसे थोडी होती आणि त्यांतले लिहिणारे कुणी नाही. म्हणून हे धाडस. चुकेल तिथे वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

बारामतीला इंग्रजी शाळेत शिकत असताना मी एका गुळाच्या अडत्याच्या मागच्या खोलीत राहत असे. अडत्याला सगळे तात्या म्हणत. त्या खोलीत माझ्याआधीपासून सिदू मास्तर होते. कन्हेरीच्या बाजूचे धनगर. घरी मेंढरे. मराठी सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा पास झालेला त्यांच्या भावकीतला हा पहिलाच माणूस. तात्यांकडे गाडीतून उतरणाऱ्या ढेपा मोजून घ्यायचे काम ते करीत. मोजताना बोट हलत नसे, ओठ हलत नसत; नुसती नजर ढिगावरून फिरवायची आणि आकडा सांगायचा. तात्या सुरुवातीला पुन्हा मोजून पाहत. मग त्यांनी सोडून दिले. "मेंढरं मोजायची सवय हाय," मास्तर म्हणत, "ढेपा बऱ्या, पळत तरी न्हाईत."

पण त्यांचे लक्ष ढेपांत नव्हते. त्यांना मास्तर व्हायचे होते. लोकल बोर्डाच्या शाळेत, कुठल्याही आडगावात, पण मास्तर. ती वर्षे मंदीची होती. असलेल्या मास्तरांचेच पगार कापले जात होते, नव्या जागा बंद होत्या. फायनल पास झालेली पोरे गावोगाव रिकामी बसली होती. मास्तर दर उन्हाळ्यात अर्ज करीत आणि दर पावसाळ्यात "यंदा नाही" असे ऐकून घेत. त्यात त्यांचे वय चालले होते. बोर्डाच्या वयाच्या अटीत आता थोडाच काळ उरला होता, आणि हे ते स्वतःहून कधी बोलत नसत.

तयारी मात्र रोजची होती. संध्याकाळी खोलीत भिंतीकडे तोंड करून ते धडा शिकवीत. मेंढरांना माळावर हाका मारून कमावलेला आवाज, तो खोलीत मावत नसे. पुढच्या दुकानातून तात्या ओरडत, "मास्तर, आमची गिऱ्हाइकं पास झाली. आता शाळा सोडा." मास्तर हसत आणि आवाज जरा खाली आणत. बोलणे ते पुस्तकातले करू पाहत. आहे, नाही, कोठे, तेथे. डिपोटीसाहेब तपासणीला आले तर मास्तर गावंढळ बोलतो असा शेरा नको. दिवसभर ते अगदी जपून बोलत. पण राग आला, हसू आले किंवा आईचा विषय निघाला की 'हाय' आणि 'न्हाय' आपोआप येई. मला ते एरवी 'अरे रामा' म्हणत. मात्र व्याकरण शिकवताना 'विद्यार्थी' म्हणत, आणि तेव्हा मीही ताठ बसे.

त्यांची गावात ओळख झाली ती वेगळ्याच कारणाने. गुरुवारच्या बाजारात चहाच्या दुकानात एक जरीची टोपी घातलेला गृहस्थ भजी खात बसला होता. त्याच्यासमोर न्हाव्याचा भिकू हात जोडून. भिकूही फायनल पास. सुप्याच्या शाळेत तुला चिकटवून देतो, वर सगळी ओळख आहे, असे तो गृहस्थ सांगत होता. मास्तर शेजारच्या बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्याबरोबर होतो.

"सुप्याची का शाळा?" मास्तरांनी विचारले.

"सुप्याचीच."

"तिथले मास्तर?"

"त्यांची बदली झाली."

"कुठं?"

"तुला काय करायचंय रे?"

"मला काय न्हाय. परवाच मी सुप्याला गेलतो. मास्तर वर्गात व्हते. छडी बी हातात व्हती. त्यास्नी बिचाऱ्यांना ठावं न्हाय वाटतं, बदली झाल्याचं. जाऊन सांगू का?"

दुकानातली माणसे हसली. गृहस्थ "उगाच तोंडी लागू नये" असे काहीतरी पुटपुटत उठला आणि बाजारात नाहीसा झाला. मास्तरांनी त्याची राहिलेली भजी भिकूपुढे सरकवली. "खा. नोकरीतनं एवढं तरी पदरात पडलं."

त्या दिवसापासून आसपासची रिकामी पोरे त्यांना विचारल्याशिवाय कुणाच्या नादी लागेनाशी झाली. अमका म्हणतो जागा आहे, जाऊ का? मास्तरांचे प्रश्न ठरलेले असत. हुकूम कुणाच्या सहीचा? शाळा कुठे आहे? आधीचा मास्तर कोण, आणि तो का गेला? तीनही उत्तरे ठीक आली तरी ते म्हणत, "आधी जाऊन ये. शाळा डोळ्यांनी बघ. पायाला धूळ लागू दे, मग अर्ज लिहू." कुणाला एकट्याने जायला भीती वाटली तर सुटीच्या दिवशी ते स्वतः बरोबर चालत जात. अशा कितीतरी शाळा त्यांनी पाहिल्या, ज्या नव्हत्याच.

म्हणून पुढचे लिहिताना माझा हात थांबतो.

रावसाहेब म्हणवून घेणारा माणूस तात्यांच्या दुकानात आला नाही, बाजारातही आला नाही. तो थेट कन्हेरीच्या माळावर, मास्तरांच्या वडिलांच्या वाघरीशी गेला. वाघर म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी. रविवारी आम्हाला तिकडून निरोप आला म्हणून मी आणि मास्तर चालत गेलो. वाटेत मास्तर म्हणाले, "बघू या. तीन प्रश्न तर विचारू."

रावसाहेब आप्पांशेजारी घोंगडीवर मांडी घालून बसला होता. आप्पा म्हणजे मास्तरांचे वडील. उंच, वाळलेले, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. रावसाहेब मेंढीचे दूध पीत होता आणि तोंड वाकडे करीत नव्हता. याचे आप्पांना फार अप्रूप वाटले असावे.

मास्तरांनी विचारले, त्याने उत्तरे दिली. शाळा इंदापूरच्या अलीकडे, कालव्याकाठच्या एका गावात. आधीचा मास्तर नाही, कारण शाळाच नवी. शिक्षणाचे काम करणारी आमची मंडळी आहे, आम्ही शाळा उघडतो, काही महिने मुलांची हजेरी दाखवतो, की बोर्ड ती शाळा ताब्यात घेते आणि मास्तर आपोआप कायम होतो. अशा रीतीने शाळा सुरू झालेल्या होत्याही. अनामत म्हणून काही ठेवावे लागते, रोकड नसेल तर मेंढ्या चालतील, त्या आम्ही विकून भरू.

"तोवर बोर्डाचा काही कागद?" मास्तरांनी विचारले.

रावसाहेबाने उत्तर दिले नाही. तो उठला. वाघरीच्या कडेला बिरोबाचे शेंदूर लावलेले धोंडे होते, तिथे वहाणा काढून गेला, वाकून भंडाऱ्याची चिमूट उचलली आणि तळहातावर धरून आप्पांपुढे उभा राहिला. "या लेकराची नोकरी माझ्या शिरावर," तो म्हणाला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगतो. त्यांच्यात चोरीच्या मेंढराचे भांडण असो की सोयरीक मोडल्याचे, एकाने भंडारा उचलला की तिथे ते संपते. त्यानंतर कुणी काही विचारत नाही. विचारले तर तो माणसाचा अपमान राहत नाही, देवाचा होतो.

"आप्पा, पर कागद..." मास्तर बोलू लागले.

आप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "सिदू, त्येनं भंडारा उचललाय. मंग आता कागद कशाला? कागद काय बिरोबाच्या वरचढ झाला व्हय?"

मास्तर उठले. मग त्यांनी वाकून धोंड्यांना नमस्कार केला. दुपारी निवडलेल्या मेंढ्या रावसाहेबाच्या माणसाने हाकत नेल्या. आप्पा एकेकीच्या पाठीवरून हात फिरवून सोडत होते.

परतताना मास्तर पुस्तकी भाषेत म्हणाले, "भंडारा उचलून खोटे बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही." थोडे चालल्यावर, जणू स्वतःलाच, "आमच्यात न्हाय आसा माणूस." तो माणूस त्यांच्यातला नव्हता, हे आम्हा दोघांनाही सुचले नाही.

मास्तर शाळेवर गेले. तात्यांनी त्यांना नवी टोपी दिली आणि म्हणाले, "आता तिथं भिंतीला शिकवू नका. पोरं असतील." पुढे कित्येक महिने भेट नव्हती. दिवाळीच्या सुटीत मी घरी जाताना वाट वाकडी करून त्या गावी गेलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसे वाईट नव्हती.

शाळा मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरे. मी लांबूनच आवाज ओळखला. मुले-मुली मिळून पडवी भरली होती, आणि सुटी असूनही आली होती. फळा नव्हता, एका जुन्या दारावर काजळी फासून ते भिंतीला टेकवले होते. उसाचे कांडे चघळत एक मुलगी माझ्याकडे पाहत होती. मास्तर तिला म्हणाले, "पाहुणे आले आहेत. त्यांना धडा वाचून दाखव." तिने तोंडातला चोथा हातात घेतला आणि न अडखळता वाचले. मास्तर माझ्याकडे असे पाहू लागले की मला तिची स्तुती करताना शब्द सुचेनात.

मुले गेल्यावर त्यांनी सांगितले. पगार आला नाही म्हणून ते पुण्याला बोर्डाच्या कचेरीत जाऊन आले होते. तिथल्या कारकुनाने त्या गावात शाळा आहे हेच ऐकले नव्हते. रावसाहेबाचे नावही तिथल्या दप्तरात नव्हते. ही गोष्ट पोळ्याच्या सुमाराची.

"मग तुम्ही अजून इथे?"

"बाराखडी अर्ध्यावर हुती रे," ते म्हणाले. "मंग म्हटलं जोडाक्षरं हू दे. मंग वाचायला लागली. आता कुठल्या दिवशी उठून जाऊ?"

"गावाला सांगितले?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. घरोघर वार लावून जेवत होते. कुणाला काही सांगितले नव्हते. आप्पांना तर नाहीच. आप्पा बाजारात भेटेल त्याला सांगत होते की सिदू सरकारी मास्तर झाला.

मी त्या दिवशी तिथेच राहिलो, आणि राहिलो म्हणून पुढचे पाहिले. दुपार कलल्यावर पाटील आणि चार माणसे देवळात आली. पाटलांना सगळे आबा म्हणत. सुटी लागायच्या आधी डिपोटीसाहेब शेजारच्या गावी तपासणीला आले होते, त्यांच्याकडून आबांना सगळे कळले होते. रावसाहेबाने या गावाकडूनही शाळेच्या इमारतीसाठी म्हणून गुळाच्या ढेपा आणि चांगले सागवानी वासे गाड्या भरून नेले होते. तेही याच मारुतीवर हात ठेवून.

"मास्तर," आबा म्हणाले, "त्यो रावसाहेब तुमचा कोण?"

"कोणी नाही."

"शाळा खोटी हाय, हे तुमाला कवा कळलं?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "पोळ्याला."

"आन तवापास्नं आमच्या घरची भाकर खाताय? त्यो वासे नेतोय, तुमी हितं पोरं धरून बसताय, म्हंजे आमी निवांत. बेस जोडी जमलीया."

मला राहवले नाही. मी म्हणालो, यांच्याच घरची मेंढरे त्या माणसाने नेली आहेत. मास्तर माझ्याकडे वळले. "विद्यार्थी, बस खाली." पण बोलणे होऊन गेले होते. आबा थोडे नरमले.

"खरं का, मास्तर? मंग सांगायचं हुतं. आमी काय तुमाला खाल्लं आसतं?"

"काय सांगू आबा," मास्तर म्हणाले, आणि आता भाषा सगळी घरची झाली होती. "बारामतीत समद्यांना मीच सांगत हिंडायचो, फसू नगा, शाळा डोळ्यांनी बगा. त्या पोरांना कुठल्या तोंडानं सांगू? आन आप्पानं भंडाऱ्यावर इसवास ठिवून मेंढरं दिली. त्यो फसला म्हनलं तर त्याचा देव जातोय. मेंढरं गेली, नोकरी गेली. देव बी काढून घेऊ का त्याच्याकडनं?"

 वासे दिलेला एक तरुण शेतकरी म्हणाला, "बोलाय मास्तर पटाईत हायेत. पर आमचं काय?"  पडवीच्या टोकाला पाण्याची घागर घेऊन उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "माझ्या नातीला वाचाय येतंय. ते बी खोटं हाय का, आबा?" आबांनी तिला हाताने गप्प केले. पण त्यांनाही ते लागले असावे. शेवटी ते म्हणाले, "फौजदाराकडं जात न्हाय. पर मास्तर, सकाळच्याला गाव सोडा."

मास्तरांनी हात जोडले. "एक मागतो. आप्पाची मेंढरं थंडीत तुमच्या रानात बसायला येत्यात. त्यानं इचारलं तर सांगा, मास्तर रजेवर हाय."

"रजेवर," आबा म्हणाले. "बरं."

सकाळी आम्ही निघालो. फाट्यावर माझी वाट वेगळी होत होती. मास्तरांजवळ कापडाची पिशवी होती, आत एक धोतर आणि मुलांनी दिलेल्या शेंगा. त्यांतल्या अर्ध्या त्यांनी मला दिल्या. मी काहीतरी धीराचे बोलू पाहत होतो. ते म्हणाले, "त्या पोरीचं वाचणं ऐकलंस ना? 'ज्ञ' कसा म्हणाली."

मी मॅट्रिक झालो आणि पुण्याला कॉलेजात जायला निघालो, तेव्हा बारामती स्टेशनाजवळ ते पुन्हा दिसले. रस्ता मेंढरांनी भरला होता आणि मागे खांद्यावर घोंगडे, हातात काठी घेतलेले मास्तर होते. डोक्याला तात्यांची टोपी नव्हती, मुंडासे होते. बरोबर आप्पा. आप्पांनी मला ओळखले आणि माझा हात धरला.

"सिदूला रजा हाय," ते म्हणाले. "लांबलचक. सरकारी कामात आसंच आसतं बग, काम आलं की काम, न्हाय तर रजा. म्हनलं, तवर मेंढरामागं चल, तेवढंच पाय मोकळं व्हत्याल."

मास्तर मेंढरांकडे पाहत होते. वयाची अट तेव्हा उलटून गेली होती. आप्पा पुढे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "कॉलेजात चाललास. बरं झालं. तिथं बी भेटतील नोकरी देतो म्हणणारे. इचारायचं ते इचार." मग थांबून म्हणाले, "आन कुणी शपथ घातली तरी इचार." एक मेंढरू रुळांकडे वळले होते, त्याच्यामागे ते धावले.

ते पुन्हा भेटले नाहीत. मी तात्यांना विचारले की ते म्हणत, रानात असेल. परवा भवानी पेठेच्या बाजूला घोंगड्या विकायला बसलेला एक माणूस ओळखीचा वाटला. मास्तरांचा चुलतभाऊ म्हाकू. मी जवळ बसलो. मास्तरांची चौकशी केली.

"कोण मास्तर?" तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आले. "आपला सिदू व्हय. त्यो गेला की."

मेंढरे घाट उतरून कोकणात गेली होती. तिथे हिवतापाने. दोन-तीन मुक्काम त्याला तट्टावर घालून नेले, मग नेण्यासारखे राहिले नाही. जिथे तळ होता तिथेच पुरले. गाव परके होते. तिथला पोलीस पाटील मयताची नोंद करायला आला. नाव सांगितले, बापाचे नाव सांगितले, जात सांगितली.

"धंदा?" पाटलाने विचारले.

"मास्तर," आप्पा म्हणाले. "इंदापूर तालुक्याला शाळा हाय त्येची. रजेवर हुता."

पाटलाने वाघरीकडे पाहिले, आप्पांच्या घोंगडीकडे पाहिले. हसला नाही, असे म्हाकू म्हणाला. चांगला माणूस होता. म्हणाला, "म्हातारबा, मेंढपाळ लिहितो. आता काय फरक पडणार आहे?"

आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तसं लिवायचं आसंल," ते म्हणाले, "तर काईच लिवू नगा."

पाटलाने तेवढी जागा कोरी सोडली. सकाळी मेंढरे पुढच्या गावाकडे निघाली.